पाटीवर निळा, पिंजऱ्यात हिरवा

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या बंगल्यात काढलेलं हे पेट कॅफे आहे. नाव लिहीत नाही. कॉलेजातल्या पोरांना आणि मुलांचे वाढदिवस करणाऱ्या आयांना ते माहीत आहे, आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही. माणशी तिकीट ३५० रुपये, वेळ पाऊण तास. प्राण्यांना खायला घालायचं असेल तर वाटीचे ८० वेगळे. पार्किंग नाही. आम्ही पिंपळगाव बसवंतहून आलो होतो, म्हणजे हायवेची गर्दी सोसून वर गाडी लांब लावून चालत येणं आलं.

संक्रांतीनंतरचा रविवार होता, बागेतला द्राक्षाचा माल उतरायला अजून अवकाश होता, म्हणून नातीला घेऊन गेले. सई तिसरीत आहे आणि तिला सरडे आवडतात. हा गुण घराण्यात कुठून आला यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

आधी चांगलं ते सांगते. जागा स्वच्छ आहे. एवढे पक्षी-प्राणी असून वास येत नाही, हे सोपं काम नाही. आमच्या गोठ्यावर या म्हणजे कळेल. एका वेळी बारा-पंधरा माणसांपेक्षा जास्त आत घेत नाहीत. पोपटांच्या खोलीत दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. प्राणी हाताळायला जो मुलगा आहे तो फारच गुणी आहे. विशी-बाविशीचा असेल. कुणाच्या पोराने शुगर ग्लायडरची, म्हणजे खारीसारख्या छोट्या परदेशी प्राण्याची, शेपटी धरली तेव्हा त्याने आवाज न चढवता ती बोटं सोडवली आणि पोराच्या बापाला फोन खिशात ठेवायला लावला. कॉफी ठीक. सँडविच खाऊ नये.

आता इग्वानाकडे, म्हणजे परदेशातल्या मोठ्या सरड्याकडे, येते. आम्ही त्याच्यासाठीच गेलो होतो आणि माझी तक्रारही त्याच्याबद्दलच आहे.

शेवटच्या खोलीत काचेचा मोठा पिंजरा आहे. वर चकचकीत पाटी: ‘जगातील अतिदुर्मीळ इग्वाना. नामशेष होण्याच्या मार्गावर. तुमच्या तिकिटातील ५० रुपये संवर्धनासाठी.’ पाटीवर फोटो आहे एका दणकट, आकाशी निळ्या, लाल डोळ्यांच्या प्राण्याचा. आणि पिंजऱ्यात फांदीवर बसलेला प्राणी हिरवा. शेपटीवर काळसर पट्टे, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली कातडीची लोंबती पोळी. सईने पाटीकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “आजी, हा मोठा झाला की निळा होतो का?”

नाही होत. फोटोतला निळा आणि पिंजऱ्यातला हिरवा या दोन वेगळ्या जाती आहेत. नुसत्या जाती नाहीत, त्या ज्या मोठ्या गटांत मोडतात त्या प्रजातीही वेगळ्या. मी सईला हिरव्याची खूण दाखवली. कानाच्या पडद्याखाली, गालावर, एक मोठं गोल खवलं असतं, बटणाएवढं. ते आणि पट्टेरी शेपूट दिसली की तो साधा हिरवा इग्वाना समजायचा. सईने काचेला नाक लावून ते बटण शोधलं आणि खोलीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. तो मुलगा हसला. म्हणाला, “काकू, पाटी मालकांनी नेटवरून बनवून आणलीय.” त्याला ठाऊक होतं.

मला हे कसं माहीत, तर धाकटा दीर बोटीवर नोकरीला होता, कॅरिबियन बेटांवर त्याचं जाणं-येणं होतं. तिथून आला की द्राक्षापेक्षा तिकडच्या सरड्यांच्या गप्पा जास्त. ऐकून ऐकून मीही वाचायला लागले आणि मग सुटलं नाही.

फोटोतला निळा इग्वाना जगात एकाच बेटाचा रहिवासी आहे, कॅरिबियनमधलं ग्रँड केमन. पाच फुटांपर्यंत लांब होतो, वजन दहा किलोच्या पुढे जातं. पानं, फुलं, फळं खातो. ऊन अंगावर घेऊन तापला की निळा रंग उघडतो, थंड असताना राखाडी दिसतो. २००२ मध्ये पाहणी झाली तेव्हा रानात फक्त १० ते २५ उरलेत असा अंदाज निघाला. एका अख्ख्या जातीचा हा आकडा. कारणं आपल्याला अनोळखी नाहीत: प्लॉट पडले, रस्ते आले, रस्त्यावर गाड्यांखाली मेले, आणि मोकाट कुत्र्या-मांजरांनी पिल्लं संपवली.

त्यांना वाचवायचं काम तिथल्या नॅशनल ट्रस्टने १९९० मध्ये हाती घेतलं होतं. पुढे फ्रेड बर्टन नावाच्या माणसाने ते नेटाने चालवलं. बेटावरच्या बोटॅनिक पार्कात अंडी उबवायची, पिल्लं साधारण दोन वर्षांची होईपर्यंत पिंजऱ्यात वाढवायची. तेवढं अंग भरलं की मांजर त्याला खाऊ शकत नाही. मग राखीव रानात सोडायचं. सोडताना मानेच्या काट्यात रंगीत मणी ओवतात, कोणत्या रंगांचा क्रम म्हणजे कोणता प्राणी याची वही ठेवतात, म्हणजे लांबून दुर्बिणीने बघूनही कळतं की हा अमुक. २००८ च्या मे महिन्यात कुणीतरी रात्री पार्कात घुसून पैदाशीचे सहा प्राणी मारून टाकले. जगात जेमतेम मोजके उरलेले असताना सहा. तरी काम थांबलं नाही. २०१२ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वरून एक पायरी खाली ‘संकटग्रस्त’ अशी त्यांची नोंद झाली आणि २०१८ मध्ये हजारावा निळा इग्वाना रानात सोडला.

आता गंमत ऐका. त्याच २०१८ साली, त्याच बेटावर, ऑक्टोबरात सरकारने हिरवे इग्वाना मारायची मोहीम काढली. तिथे तो मूळचा नव्हेच; मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी, पाळायला म्हणून आणलेला, सुटलेला आणि वाढलेला. मादी एका विणीत वीसपासून सत्तरपर्यंत अंडी घालते. बागा खाल्ल्या, छपरांवर घाण केली, रस्ते भरले. मोहिमेत दहा लाखांवर हिरवे इग्वाना मारले गेले.

म्हणजे ज्या बेटाचा निळा प्राणी यांनी पाटीवर लावलाय, त्याच बेटावर यांच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला मारायला माणसं कामाला लावावी लागली. आणि इथे नाशकात तोच ‘अतिदुर्मीळ’ म्हणून ३५० रुपये घेतात.

मी काउंटरवर गेले. मॅनेजर चाळिशीचे, बोलायला सभ्य. कागद विचारले तर लगेच फाइल काढली. याचे गुण मी पूर्ण देते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा बदलला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. वन्य जिवांच्या देशोदेशींच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतले जीव आता अनुसूची चारमध्ये येतात आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ते बाळगणाऱ्याने सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची असते. इग्वानाची नोंद फाइलीत होती. शास्त्रीय नावाच्या रकान्यात सरळ लिहिलेलं, इग्वाना इग्वाना. हिरव्याचंच नाव. यांच्याच कागदाने यांचीच पाटी खोटी पाडली. तो निळा असता तर साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात गेला असता, आणि अशा जिवाचा धंद्यासाठी देशोदेशींचा व्यापार जवळजवळ बंदच आहे. कॅफेत येणं तर दूरच.

एक बाजूचं सांगते. आपल्याकडची घोरपड अनुसूची एकमध्ये आहे. पाळणं, मारणं, तेल काढणं, सगळा गुन्हा. तरी पूजेच्या सामानात ‘हाथाजोडी’ म्हणून जे विकलं जातं ते झाडाचं मूळ नसतं. नर घोरपडीचं लिंग कापून वाळवलेलं असतं. कुणी देऊ केलं तर घेऊ नका आणि घरात असेल तर देवघरात ठेवू नका. आपल्या मातीतली घोरपड अशी कापून विकायची आणि परदेशातल्या हिरव्याला दुर्मीळ म्हणून काचेत ठेवायचं, हा हिशोब मला जुळत नाही.

मग विचारलं, ते पन्नास रुपये कुठे जातात? पावती आहे का, कोणत्या संस्थेला देता? मॅनेजर म्हणाले, “मॅडम, आम्ही इथे सांभाळतो, मुलांना माहिती देतो, हेच संवर्धन.”

इथे मला राग आला. सांभाळणं चांगलंच आहे. पण नाशिकच्या काचेत एक हिरवा इग्वाना दहा वर्षं जगला म्हणून रानातला एकही इग्वाना वाढत नाही. उलट हाच धंदा पसरला की धोका तयार होतो. कॅरिबियनमधल्याच लहान अँटिलीस बेटांवर हिरव्याचा एक भाऊबंद राहतो, लेसर अँटिलियन इग्वाना. त्याच्या गालावर ते बटण नसतं आणि शेपटीवर पट्टे नसतात. २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याला गोळीपेक्षा सोयरीक नडली. बाहेरून आलेला हिरवा त्याच्याशी जुळतो, पिल्लं होतात, त्या पिल्लांना पुढे पिल्लं होतात, आणि काही पिढ्यांत मूळ वाण उरत नाही. एकेका बेटावरून तो असाच गेला. डोमिनिका हे त्याचं मोठं ठाणं. २०१७ च्या मारिया वादळानंतर मदतीच्या सामानाबरोबर तिथेही हिरवे पोचले. आता तिथली माणसं बंदरापासून गल्लीपर्यंत हिरवे शोधत फिरतात.

आम्ही कलमं करणारी माणसं. जातिवंत वाणात भेसळ शिरली की काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आणि या गोष्टीत आपला हात नाही असंही नाही. जमैकात आणखी एक इग्वाना आहे, तोही फक्त त्या एका बेटावरचा. १९४० च्या दशकात तो संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. १९९० मध्ये हेलशायर टेकड्यांत रानडुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्याने एक पकडला तेव्हा कळलं, अजून आहेत. जवळजवळ संपवले होते कुणी, तर मुंगसाने. आपल्या भारतातल्या मुंगसाने. १८७२ मध्ये एस्प्युट नावाच्या ऊसवाल्या मळेमालकाने उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली, चार नर, पाच माद्या. त्या नवांची वीण बेटभर झाली. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. मग त्याला दिवसा जमिनीवर जे सापडलं ते त्याने खाल्लं. इग्वानाची अंडी, नुकती फुटलेली पिल्लं. किंग्स्टनच्या होप प्राणिसंग्रहालयात गेली तीसेक वर्षं पिल्लं वाढवून टेकड्यांत सोडतात आणि घरट्यांच्या जागेभोवती मुंगसांसाठी पिंजरे लावून बसतात. सापळा रोज तपासायचा, कोळसा पाडणाऱ्यांना हटकायचं, मादी कुठे उकरते हे लिहून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे. पाटीवर लावण्यासारखा फोटोही निघत नाही त्याचा.

मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, आम्हीही बागेत क्रिप्टोलिमसचे भुंगे सोडतो, परदेशातलेच आहेत ते. पण तो भुंगा पिठ्या ढेकणाच्या मागे असतो, समोर येईल ते खात सुटत नाही. कोणता जीव कुठे नेतो याचा विचार आधी करावा लागतो. एस्प्युटने केला नाही. पेट कॅफेवाल्यांनी तरी करावा. कारण काउंटरजवळ दुसरी छोटी पाटी आहे: ‘बेबी इग्वाना बुकिंग सुरू.’

वीतभर लांबीचं, पोपटी रंगाचं पिल्लू फारच गोड दिसतं. तीन-चार वर्षांत ते शेपटीसकट पाच फुटांचं होतं. नर वयात आला की मालकालाही शेपटीचा फटका देतो. नीट ठेवला तर पंधरा वर्षं जगतो. त्याला खोलीभर पिंजरा लागतो. कॉलेज रोडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे कुठे ठेवणार? मी विचारलं की मोठा झाल्यावर तुम्ही परत घेता का. “तसं पॉलिसीत नाही,” असं उत्तर आलं. लाल कानाच्या परदेशी कासवांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: बशीएवढी झाली की लोकांनी तळ्यात सोडली, आणि आता देशभरच्या तळ्यांत ती आपल्या कासवांच्या वाट्याचं खातायत. उद्या कुणी एक हिरवी जोडी गंगापूर धरणाच्या काठाला सोडली तर नियम कुणाला पकडणार?

देखभालीबद्दल. तापमान मोजायला घड्याळासारखा काट्याचा तापमापक पिंजऱ्याला लावलेला होता, पण त्यावर २१ अंश दिसत होते आणि दुपार होती. उष्ण कटिबंधातला प्राणी, ऊन खायच्या फांदीवर पस्तिशीच्या आसपास लागतं, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. आमच्याकडे निफाडला थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. पहाटे बागेत शेकोट्या करतो, द्राक्षाच्या मण्याला तडे जाऊ नयेत म्हणून. नाशकात तेवढं नसलं तरी रात्री चांगलीच गारठते. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात पारा इतपतच उतरला होता आणि झाडावरचे हिरवे इग्वाना गारठून टपाटप खाली पडले. हवामान खात्याला तसा इशारा द्यावा लागला होता. रात्री हीटर लावता का विचारलं तर मुलगा म्हणाला लावतो, लोडशेडिंगला इन्व्हर्टरवर असतो. त्याच्यावर माझा विश्वास बसला.

दिवा होता, अतिनील किरणांचा. चांगलं. पण तो कधी बदलला हे कुणाला आठवेना. हा दिवा दिसायला वर्षानुवर्षं पेटतो, कामाची किरणं मात्र सहा ते बारा महिन्यांत मंदावतात. आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच ती किरणं अडवते. किरणं नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. या इग्वानाचे पाय मला ठीक वाटले. जबडा लांबून कळत नाही.

८० रुपयांच्या वाटीत काकडी, पालक आणि द्राक्षं होती. द्राक्षं! कुठून आणली विचारलं, तर बाजारातून. माल कोणत्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडला हे आम्ही एक्सपोर्टसाठी वहीत लिहितो. बाजारातल्या घडावर वही येत नाही. फळ त्याला चवीपुरतंच द्यायचं असतं आणि पालक रोज दिला तर कॅल्शियम अडतं. त्याऐवजी शेवग्याचा पाला द्या, जास्वंदीची पानं-फुलं द्या. जास्वंद तर तो आवडीने खातो आणि नाशकात दर तिसऱ्या अंगणात आहे. मी सईच्या वाटीतली द्राक्षं काढून घेतली. मॅनेजरांना तेही आवडलं नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट हात धुण्याची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो, प्राणी ठणठणीत दिसला तरी. इथे इग्वानाला हात लावून बाहेर आलं की आधी सँडविचचं काउंटर लागतं आणि बेसिन त्याच्या पलीकडे, टॉयलेटच्या बोळात. लहान मुलं सरळ फ्रेंच फ्राइजवर तुटून पडतात. बेसिन दाराशी आणायला प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

मी पाचपैकी अडीच देते. तिकिटाचे पैसे स्वच्छतेला आणि त्या मुलाला वसूल आहेत. पाटी काढली, खरं नाव लावलं, बेबी इग्वाना विकणं बंद केलं तर साडेतीन देईन. पन्नास रुपयांची पावती दाखवली तर आणखी वर. मॅनेजरांना हे सगळं लेखी पाठवलं आहे. उत्तरात पुढच्या भेटीसाठी दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. माझ्याकडून ते पडून राहणार, कुणाला हवं असेल तर सांगा.

जायचंच असेल तर रविवार टाळा, सकाळची पहिली वेळ घ्या. तेव्हा गर्दी नसते आणि तो मुलगा निवांत बोलतो. पोरांना आधीच सांगून ठेवा की गालावरचं बटण शोधायचं आहे. सॅनिटायझर पर्समध्ये ठेवा. आणि खायचं असेल तर बाहेर पडून मिसळ खा.